हिमवृष्टी आणि हद्दीचा प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स या प्रदेशांत, पानगळ संपून थंडीचा अंमल सुरू होण्याच्या सुमारास घरोघर एक परिपत्रक येते. ते काढणारी संस्था ‘होमओनर्स असोसिएशन’, अर्थात त्या वसाहतीतील घरमालकांचा संघ. आणि त्यातील मजकूर वरवर पाहता इतका किरकोळ असतो की बहुतेक रहिवासी तो वाचण्यापूर्वीच रद्दीत टाकतात. बागेतली रबरी नळी सोडवून ठेवा, रात्री रस्त्यावर मोटार उभी करू नका, परगावी जाताना घर तापवणारे यंत्र पूर्णपणे बंद करू नका, पायऱ्यांवर मीठ टाका पण बेताने टाका, रोषणाई अमुक तारखेच्या आत उतरवा, वार्षिक सभेस येणे शक्य नसल्यास मुखत्यारपत्रावर सही करून ते पाठवा, अशी ती एकापुढे एक लावलेली फर्माने असतात. तथापि या प्रत्येक ताकिदीमागे थोडे पदार्थविज्ञान, थोडा कायदा आणि बराचसा सामाजिक इतिहास उभा आहे. आणि ते सारे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे हे परिपत्रक मुख्यतः हद्दींचा दस्तऐवज आहे, असे माझे मत आहे. कोणती जागा माझी, कोणती शेजाऱ्याची आणि कोणती सर्वांची, हे उन्हाळ्यात कोणी फारसे विचारीत नाही. हिम मात्र तिन्हींवर सारखेच पडते, आणि ते उचलायचे कोणी, या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून सकाळी घराबाहेर पडता येत नाही.

या संघांची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे. न्यूयॉर्क शहरात सॅम्युअल रगल्स यांनी १८३१ साली ग्रॅमर्सी पार्क ही खाजगी बाग भोवतालच्या घरमालकांसाठी राखून ठेवली, तर बॉस्टनच्या लुइसबर्ग स्क्वेअरमधील मालकांनी १८४४ साली आपल्या चौकाच्या देखभालीसाठी आपसांत करार केला, आणि या करारालाच अनेक अभ्यासक अमेरिकेतील पहिला घरमालक संघ मानतात. पुढे बाल्टिमोरजवळ रोलंड पार्क आणि कॅन्सस सिटीत जे. सी. निकल्स यांनी वसवलेली उपनगरे यांनी या कल्पनेला व्यापारी रूप दिले: भूखंड विकतानाच खरेदीखतात अटी घालावयाच्या, आणि त्या अटी जमिनीबरोबर पुढच्या प्रत्येक खरेदीदाराकडे जातील अशी तजवीज करावयाची. या अटींत कुंपणाची उंची आणि घराचा रंग होता, तसाच, हे नमूद केलेच पाहिजे, कृष्णवर्णीयांना आणि अनेक ठिकाणी ज्यूंना व आशियाई लोकांना घर न विकण्याचा दंडकही होता. ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात १९४८ साली संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा वांशिक अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, आणि १९६८ च्या कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरवला. संघ मात्र राहिले; किंबहुना त्यानंतरच ते झपाट्याने वाढले, कारण नव्या वसाहतींतले रस्ते, दिवे, बागा आणि पावसाच्या पाण्याची तळी सांभाळण्याचा खर्च आपल्या अंगावर न घेता तो रहिवाशांच्याच माथी मारणे नगरपालिकांनाही सोयीचे होते. आज सुमारे साडेसात कोटी अमेरिकन लोक अशा कोणत्या ना कोणत्या संघाच्या अमलाखाली राहतात, असा या संघांच्या राष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे आपली सहकारी गृहनिर्माण संस्था आठवणे स्वाभाविक आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली स्थापन झालेली सारस्वत गृहनिर्माण संस्था ही या देशातील अशा संस्थांपैकी आद्य समजली जाते. पण दोहोंत एक मूलभूत भेद आहे. आपल्याकडे जमीन व इमारत यांची मालकी सामान्यतः संस्थेकडे असते आणि सभासदाला सदनिकेचा हक्क भागधारक या नात्याने मिळतो. अमेरिकन वसाहतीत घर आणि त्याखालचा भूखंड पूर्णपणे मालकाचा, आणि संघाकडे केवळ सामायिक रस्ते, पदपथ, बागा वगैरे. या दोन टोकांच्या मध्ये भिंतीला भिंत लावून बांधलेली ‘टाउनहाउसे’ आणि मजल्यांवर मजले चढवलेली ‘कॉन्डोमिनियम’ येतात, जेथे छप्पर कोणाचे, भिंतीच्या आतला नळ कोणाचा, हे प्रत्येक वसाहतीच्या मूळ दस्तऐवजात पाहावे लागते. आपल्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हा संस्थेचा जिम्मा, आणि घरातल्या न्हाणीघराची गळती सभासदाची, अशी जी वाटणी केलेली आहे, तीच त्या देशात हिमाच्या संदर्भात करावी लागते. एवढेच की आपल्या सचिवाची झोप जूनमध्ये उडते, तिकडच्याची डिसेंबरात.

हिम उपसण्याची व्यवस्था बहुधा मक्त्याने दिलेली असते. करारनाम्यात एक मर्यादा लिहिलेली असते, उदाहरणार्थ दोन इंच. तेवढा थर साचल्याशिवाय मक्तेदाराची गाडी वसाहतीत शिरणार नाही. आता पावणेदोन इंच हिम पडले आणि त्यावर रात्री पाऊस पडून ते गोठले, तर दोन इंचांहूनही घातक असा काचेसारखा थर तयार होतो, पण कराराच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. दुसरी तक्रार याहून अधिक सार्वत्रिक. रस्ता साफ करणारी गाडी पात्याने हिम बाजूला लोटीत जाते, आणि ते हिम, रहिवाशाने पहाटे उठून नुकत्याच मोकळ्या केलेल्या मोटारवाटेच्या तोंडाशी, दाबलेल्या भिंतीच्या रूपाने येऊन बसते. ही भिंत कोणी काढायची? रस्त्यावरचे हिम संघाचे होते. मोटारवाटेत ढकलले गेल्यावर ते मालकाचे झाले, असे बहुतेक परिपत्रके शांतपणे सांगतात.

कायद्याने हा हद्दीचा प्रश्न किती सूक्ष्मपणे सोडवला आहे, ते न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांत दिसते. होबोकेन शहरात एका कॉन्डोमिनियमसमोरच्या पदपथावर बर्फावरून घसरून पडलेल्या पादचाऱ्याचा दावा त्या न्यायालयाने २०११ साली संघाविरुद्ध मान्य केला नाही. पदपथ सार्वजनिक होता, आणि निवासी इमारतीच्या मालकांवर तेथील नैसर्गिक हिमाची जबाबदारी टाकता येत नाही, असे ठरले. चारच वर्षांनी, २०१५ साली, निवृत्त लोकांच्या एका वसाहतीत आतल्या पदपथावर घसरून जखमी झालेल्या रहिवासी स्त्रीच्या दाव्यात मात्र त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला. हा पदपथ वसाहतीच्या आत, संघाच्या मालकीचा, संघाच्या वर्गणीतून सांभाळला जाणारा, म्हणून खाजगी होता. तेव्हा तो वाजवी रीतीने सुरक्षित ठेवणे हे संघाचे कर्तव्य होते. पाय घसरण्याची क्रिया दोन्हीकडे एकच, पण पायाखालची फरशी कोणाच्या नावावर आहे यावर भरपाई अवलंबून राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर २०१० पर्यंत, आपोआप साचलेल्या हिमाबद्दल मालक जबाबदार नाही, पण त्याने ते हलवून धोका वाढवला तर तो जबाबदार, असा शंभराहून अधिक वर्षे जुना नियम होता; ज्याने फावड्याला हातही लावला नाही तोच कायद्याने अधिक सुरक्षित, असा त्याचा विपरीत परिणाम होई. त्या वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडीत काढला, आणि हिमाविषयीही मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे असा सर्वसाधारण दंडक लागू केला. परिपत्रकातले ‘आपापल्या पायऱ्या साफ ठेवा’ हे वाक्य इतक्या ठळक अक्षरांत का छापलेले असते, ते यावरून ध्यानात यावे.

फावड्याच्या कामाला कमी लेखू नये, असाही एक परिच्छेद परिपत्रकात असतो, आणि तो अगदी योग्य आहे. ताजे, भुसभुशीत हिम एका घनमीटरला साधारण शंभर किलो भरते. सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब मोटारवाटेवर तीस सेंटिमीटरचा थर साचला असे धरले, तर एकंदर वजन सुमारे सत्तावीसशे किलो होते. ओले हिम असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या, हातांचे स्नायू ताणलेले, भार उचलताना श्वास रोखलेला, अशा अवस्थेत हृदयावर अकस्मात ताण येतो, आणि एरवी बैठी कामे करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने पहाटे हा उद्योग आरंभला की प्रत्येक मोठ्या हिमवादळानंतर इस्पितळांत हृदयविकाराचे रुग्ण वाढतात. थोडे थोडे, उचलण्यापेक्षा लोटून, आणि शक्य तर शेजारच्या तरुण मुलाला पैसे देऊन, हा उपदेश कंजूषपणावर मात करण्यासाठीच लिहिलेला असतो.

बॉस्टनमध्ये या श्रमातून एक विचित्र रूढी जन्माला आली आहे. सार्वजनिक रस्त्यावरची मोटार उभी करण्याची जागा ज्याने उपसून मोकळी केली, तो तेथे जुनी खुर्ची, शंकू किंवा मोडका पंखा ठेवून तिच्यावर हक्क सांगतो. नगरपालिकाही हिम-आणीबाणी उठल्यापासून अठ्ठेचाळीस तास ही वहिवाट चालवून घेते. शिकागोतही असेच चालते. सार्वजनिक जमिनीवर घामाच्या बळावर तात्पुरती मालकी निर्माण होण्याचे हे उदाहरण तत्त्वज्ञांनी अवश्य अभ्यासावे. संघांच्या वसाहतींत मात्र खुर्च्यांना थारा नसतो. तेथे वादळाच्या रात्री मोटारी हलवल्या नाहीत तर त्या ओढून नेल्या जातात आणि दंड मालकाच्या खात्यावर चढतो.

आता नळांकडे वळू. परिपत्रकाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि भारतातून गेलेल्या माणसाला सर्वांत अपरिचित. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते, हे शाळेत शिकलेले असते. त्यावरून बर्फाच्या दाबाने नळ जागच्या जागी फुटतो असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भिंतीतल्या नळात एके ठिकाणी बर्फाचा बोळा बसला की तो वाढत जाताना, त्याच्या आणि बंद तोटीच्या दरम्यान अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो, आणि नळ बहुधा त्या पाण्याच्या भागात, म्हणजे बर्फ नसलेल्या जागी, फुटतो. कडाक्याच्या रात्री तोटी किंचित उघडी ठेवून पाण्याची धार ठिबकत ठेवावी ही सूचना या दाबाला वाट करून देण्यासाठीच आहे. इलिनॉय विद्यापीठातील इमारत-संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत, उष्णतारोधन नसलेल्या माळ्यावरील नळांना बाहेरचे तपमान २० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या, खाली गेले की धोका संभवतो असे आढळले. म्हणून घर रिकामे असले तरी आतील तपमान ५५ अंश फॅरनहाइटच्या, सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या, खाली जाऊ देऊ नये, आणि स्वयंपाकघरातील मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवून आतल्या उबेला नळांपर्यंत पोहोचू द्यावे, असे सांगितले जाते.

रबरी नळीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बाहेरच्या बाजूच्या न गोठणाऱ्या तोटीत पाणी बंद करणारी झडप प्रत्यक्षात भिंतीच्या आत, उबदार बाजूला असते, आणि तोटी बंद केली की मधल्या नळकांड्यातले पाणी बाहेर वाहून जाते. रबरी नळी लावलेलीच राहिली तर ते पाणी अडकून गोठते आणि नळकांडे भिंतीच्या आत चिरते. त्याचा पत्ता मात्र त्या वेळी लागत नाही; वसंतात कोणी बागेला पाणी घालण्यासाठी तोटी सोडतो, आणि अर्ध्या तासाने तळघराची भिंत भिजू लागते.

अमेरिकेतील अनेक मराठी कुटुंबे डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवडे भारतात येतात. पुण्या-नाशिकातली लग्ने आणि मुलांच्या शाळांच्या नाताळच्या सुट्ट्या एकाच काळात पडतात. याच काळात तिकडे थंडी ऐन भरात असते. इंधन वाचवावे या सद्हेतूने कोणी जाताना उष्णतायंत्र बंद केले आणि नळ फुटला, तर टाउनहाउसच्या सामायिक भिंतीतून पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि पुष्कळ विमापत्रांत, घर तापवण्याची वाजवी काळजी घेतली नसेल तर अशा नुकसानीची भरपाई नाकारण्याचे कलम असते. तेव्हा जाण्यापूर्वी घरातील मुख्य झडप बंद करून नळ रिते करावेत आणि किल्ली एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. थंडी ही उत्तरेचीच मिरास आहे असेही समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात तीव्र शीतलहर येऊन वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा उन्हाळ्याचा विचार करून बांधलेल्या तेथील घरांतले नळ जागोजाग फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

‘वळचणीचे पाणी आढ्याला’ ही आपल्याकडे अशक्य गोष्टीची खूण. पण हिमप्रदेशातल्या छपरावर ती जवळजवळ शब्दशः घडते. घरातील उष्णता माळ्यातून झिरपून छपराचा वरचा भाग तापवते, तेथील हिम खालच्या बाजूने वितळते, ते पाणी उतरत उतरत वळचणीपाशी येते, आणि वळचण घराच्या भिंतीबाहेर पुढे आलेली, म्हणून थंड असल्यामुळे, तेथे पुन्हा गोठते. असा एक बर्फाचा बांध तयार होतो. त्याच्यामागे पाण्याचे तळे साचते, आणि ते छपराच्या एकमेकींवर चढवलेल्या पट्ट्यांखालून वर शिरून छतातून गळू लागते. वळचणीला लटकणारी लांब लांब हिमशूळे पाहून छायाचित्रे काढणाऱ्यांना ही शोभा वाटते. घरबांधणीच्या जाणकाराला तो माळ्यातील उष्णता वाया जात असल्याचा पुरावा वाटतो. कुऱ्हाडीने बर्फ फोडणे हा उपाय नव्हे, त्याने छपरच फुटते. लांब दांड्याच्या दाताळ्याने जमिनीवर उभे राहून कडेचे हिम ओढून काढावे, आणि पुढच्या वर्षासाठी माळ्यातील फटी बुजवून उष्णतारोधक थर जाड करावा, हे खरे उपाय. छप्पर संघाचे आणि माळा मालकाचा असेल, तर गळतीचा खर्च कोणी सोसावा यावर कज्जा ठरलेलाच.

मिठाविषयी परिपत्रके अलीकडे अधिक सावध झाली आहेत. रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली प्रथम केला; आज त्या देशात दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ रस्त्यांवर पडते. मिठाचे संपृक्त द्रावण उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही हे खरे, पण व्यवहारात उणे ९ अंशांच्या खाली साधे मीठ इतके मंद काम करते की ते टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे. तेथे कॅल्शियम क्लोराइड, किंवा निदान पायाला पकड मिळावी म्हणून वाळू वापरावी. वितळलेल्या हिमाबरोबर क्लोराइड ओढ्यांत व भूजलात उतरते आणि ते तेथून व्यवहार्य खर्चात काढून टाकता येत नाही. एक चमचाभर मीठ सुमारे एकोणीस लिटर गोड्या पाण्याला जलचरांसाठी दीर्घकाळात अपायकारक करण्यास पुरते, असे मिनेसोटा राज्याचे पर्यावरण खाते सांगते. काँक्रीट, बागेतली झुडपे आणि कुत्र्यांचे पंजे यांच्या तक्रारी निराळ्याच. आधी फावडे, मग मूठभर मीठ, हा क्रम पाळला तर यातले बरेच टळते.

एक सूचना मात्र कोणीही दुर्लक्षू नये. नव्या पद्धतीच्या उष्णतायंत्रांचा धूर भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर निघणाऱ्या नळीने बाहेर जातो, आणि वाऱ्याने साचलेल्या हिमाच्या ढिगाखाली ती नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, वर्णहीन वायू घरात परततो. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे असेच घडून सात वर्षांची एक मुलगी मरण पावली, आणि तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने मार्च २००६ पासून त्या राज्यातील अशा घरांत या वायूची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे केले. वीज गेल्यावर लावलेले जनित्र घरापासून निदान सहा मीटर दूर ठेवणे, आणि हिमात रुतलेली मोटार सुरू करण्यापूर्वी तिची धूरनळी मोकळी करणे, हे याच जातीचे नियम होत.

रोषणाईच्या नियमाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बहुतेक संघ दिवे लावण्याची आणि उतरवण्याची मुदत नाताळ धरून ठरवतात. दिवाळीचा आकाशकंदील त्या मुदतीच्या आधीच लागतो, आणि मराठी वस्ती वाढलेल्या वसाहतींत एखाद्या अर्जाने नियमाची भाषा ‘सणासुदीचे दिवे’ अशी सैल करून घेता येते.

राहता राहिली वार्षिक सभा. बहुतेक संघांचे हिशेबी वर्ष जानेवारीत सुरू होत असल्याने अंदाजपत्रक ऐन हिवाळ्याच्या तोंडावर ठरते, आणि त्यातील हिम उपसण्याची रक्कम ही निव्वळ अटकळ असते. बॉस्टनमध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच हिम पडले, जो त्या शहराचा उच्चांक आहे. अशा वर्षी तरतूद अपुरी पडते आणि तूट राखीव निधीतून किंवा सभासदांवर जादा वर्गणी बसवून भरावी लागते. राखीव निधीवर हात मारण्याची सवय किती महाग पडते, याची जाणीव फ्लोरिडातील सर्फसाइडच्या दुर्घटनेनंतर सर्वत्र झाली. तेथे २४ जून २०२१ रोजी बारा मजली कॉन्डोमिनियमचा मोठा भाग कोसळून ९८ माणसे मेली. लांबणीवर पडलेल्या दुरुस्त्यांसाठी दीड कोटी डॉलरची जादा वर्गणी सभासदांवर नुकतीच बसवण्यात आली होती. फ्लोरिडाने २०२२ साली आणि न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये कायदे करून इमारतींची तपासणी व राखीव निधीचा अभ्यास यांची सक्ती केली. त्यामुळे वर्गण्या वाढल्या, आणि सभांना येणाऱ्यांची संख्याही थोडी वाढली. तरी गणपूर्तीअभावी सभा तहकूब होण्याचा प्रकार अजून सर्रास घडतो, म्हणून मुखत्यारपत्राचा तगादा. मक्त्यातील दोन इंचांची मर्यादा दीड इंचावर आणावी की नाही, आणि त्यासाठी दरमहा किती डॉलर अधिक मोजावेत, याचा निर्णय याच सभेत होतो. आणि गेल्या वर्षी ज्यांच्या मोटारवाटेच्या तोंडाशी भिंत उभी राहिली होती तेच बहुधा पहिल्या रांगेत बसलेले असतात.